मध्यान्ह भोजनात मुलांचं पथ्य कसं सांभाळायचं: नोंदीपासून पंगतीपर्यंत

दाळ-ढोकळीचा दिवस. गहू न चालणारं एक मूल रांगेत येतं. वाढणाऱ्या ताई पळी वरवर फिरवून नुसती डाळ घेतात, ढोकळीचे दोन तुकडे आलेच तर चमच्याने परत पातेल्यात टाकतात आणि म्हणतात, "घे बाळा, तुला डाळच दिली हो." मनात माया असते, पण ढोकळी त्याच डाळीत उकळलेली असते. तिचं पीठ डाळीत उतरलेलं असतं आणि मुलाच्या पोटात गहू जातोच.

शाळांतल्या पथ्याच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. पदार्थ तयार झाल्यावर नको ते वेचून काढलं जातं. हवं ते नेमकं उलट: नको ती वस्तू पातेल्यात पडण्याआधी त्या मुलाचा वाटा बाजूला काढायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की वेगळा स्वयंपाक फारसा लागतच नाही. ते बरंच आहे, कारण त्यासाठी पैसेही नसतात. पीएम पोषण योजनेत धान्य वेगळं मिळतं, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी १०.१७ रुपये इतकाच आहे.

पुढची रीत वडोदऱ्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक, भोजन केंद्राचे संचालक, रसोइया, मददनीस आणि पालक यांच्यासाठी आहे. शाळेतच चूल पेटते असं धरून ती लिहिली आहे. जेवण मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरातून येत असेल तर आठवा टप्पाही वाचा.

टप्पा १: पालकांना नीट विचारा

प्रवेश अर्जावर "कसली अ‍ॅलर्जी आहे का?" असा एक रकाना असतो आणि शंभरातले बहुतेक पालक तिथे "नाही" लिहून मोकळे होतात. अ‍ॅलर्जी हा शब्दच अनेक घरांत वापरत नाहीत. तिथे "त्याला दूध बाधतं", "शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात", "पोळी खाल्ली की पोट फुगतं" असं बोलतात. म्हणून प्रश्नही त्याच भाषेत असावेत:

- घरी याला मुद्दाम काय देत नाही?
- चुकून खाल्लं तर काय होतं, आणि किती वेळाने?
- थोडंसं चालतं की अजिबात नाही?
- रोज कुठलं औषध किंवा इंजेक्शन चालू आहे का?
- उपवास, व्रत, कांदा-लसूण, कंदमुळं यांपैकी काही पाळता का?

हे प्रश्न जूनमध्ये शाळा उघडते त्या पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि मध्येच नवीन मूल आलं तर त्याच दिवशी. पालक-सभेत सगळ्यांसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही. मूल सोडायला येणारी आई किंवा आजी फाटकापाशी दोन मिनिटांत अर्जाच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगते.

*सावधान:* डॉक्टरांची चिठ्ठी आली नाही म्हणून पथ्य थांबवायचं नाही. पालकांच्या शब्दावर पहिल्या दिवसापासून पथ्य सुरू करा, चिठ्ठी मागाहून येईल. (सीलिअ‍ॅकची नुसती शंका असेल तर मात्र आधी टप्पा २ मधला इशारा वाचा.)

टप्पा २: पथ्य कोणत्या जातीचं ते ठरवा

काही पथ्यांत कणभरही चालत नाही: सीलिअ‍ॅक (म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा), शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी. काहींत प्रमाण सांभाळायचं असतं: मधुमेह, किडनीचा आजार, दुधातली साखर न पचणं. तिसरी श्रद्धेची पथ्यं. चौथी आवड-नावड, आणि ती या यादीत येतच नाही. दोडका आवडत नाही हे पथ्य नव्हे. यादी अशा नावांनी भरली की स्वयंपाकघरातली माणसं खरी नावंही हलक्यात घेऊ लागतात.

दुधाच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो. लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला पोटदुखी, जुलाब होतात. त्याला थोडं ताक, दही आणि तूप बहुधा चालतं. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र तूपही नको, कारण त्यात दुधाचा अंश राहतो. चिठ्ठीवर नुसतं "दूध नको" असेल तर दोन्हींतलं कुठलं ते विचारून घ्या.

चिठ्ठीत आजाराच्या नावापेक्षा चार गोष्टी जास्त महत्त्वाच्या: कोणते पदार्थ नकोत, अंशमात्र चालतो का, चुकून खाल्लं तर काय करायचं, पुन्हा तपासणी कधी. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सयाजी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवता येतं.

*सावधान:* सीलिअ‍ॅकची नुसती शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करायला सांगू नका. गहू आधीच बंद केला तर तपासणीत आजार असूनही दिसत नाही. शिक्षकांनी चांगल्या हेतूने दिलेल्या सल्ल्यामुळे आजाराचं निदान वर्षभर लांबू शकतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. "अमक्या बाईंच्या हातचं आमचं मूल खाणार नाही" किंवा "तमक्यांच्या मुलांशेजारी बसवू नका" ही मागणी पथ्य म्हणून येऊ शकते. हे आहाराचं पथ्य नाही, ही अस्पृश्यता आहे, आणि कायद्याने गुन्हा आहे. अशी मागणी यादीत घ्यायची नाही, त्यावर तडजोड सुचवायची नाही. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून स्पष्ट नकार द्यावा.

टप्पा ३: मेनू समोर ठेवून प्रत्येक पदार्थ उघडून पाहा

या टप्प्याला घाई करू नका. एक दुपार द्या. रसोइया, मददनीस आणि एक शिक्षक एकत्र बसा आणि आठवड्याच्या मेनूतल्या प्रत्येक पदार्थात काय-काय पडतं ते रसोइयांच्या तोंडून ऐका. छापील पाककृती पाहून चालत नाही, कारण हाताची सवय कागदावर नसते.

गहू. थेपला, मुठिया, फाडा लापशी, ढोकळी आणि सुखडीत तो उघडच आहे. लपलेला गहू तीन ठिकाणी सापडतो. पहिला हिंगात. बाजारातला हिंग शुद्ध नसतो. त्यात पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो, आणि पीठ बरेचदा गव्हाचंच असतं. म्हणजे साध्या वरण-भाताच्या फोडणीतही गहू आला. दुसरा चण्याच्या किंवा बाजरीच्या सुट्या पिठात: गिरणीत आधी गहू दळून गेला असेल तर त्याच जात्यातून पुढचं पीठ येतं. तिसरा रस्सा दाट करायला लावलेल्या पिठात. डाळ पातळ झाली की मूठभर पीठ कालवून घालायची सवय अनेक हातांना असते आणि ते सांगायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

ग्लूटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. यावरून एक चिमूट पीठ किती जास्त होतं ते कळेल.

शेंगदाणा. पोह्यांत, उसळीत, चटणीत दिसतो. तेलात दिसत नाही. गुजरातेत सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) घरोघरी आहे, आणि फिल्टर केलेल्या किंवा घाण्याच्या सिंगतेलात शेंगदाण्याचं प्रथिन राहतं. पूर्ण रिफाइंड तेलात ते जवळजवळ नसतं. तरी केंद्रावर अ‍ॅलर्जीचं मूल असेल तर कापसाच्या बियांचं, सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरा, वादच नको. दुसरा धोका भाजक्या चण्यांचा. भडभुंज्याकडे चणे आणि शेंगा एकाच कढईत, एकाच वाळूत भाजतात. सुटे चणे या मुलाला द्यायचे नाहीत.

आमचं मत असं की शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेलं एक जरी मूल शाळेत असेल तर शेंगदाणा अख्ख्या केंद्रातूनच काढावा. गहू तसा काढता येत नाही, शेंगदाणा येतो. योजनेतल्या धान्य, डाळ, भाजी, तेलाच्या मापात त्याच्यावाचून काही अडत नाही.

दूध. थेपल्याच्या आणि मुठियाच्या पिठात मऊपणासाठी दही घालतात. लापशीत, सुखडीत तूप असतं. कढी आणि ताक तर उघडच.

सुखडीचं एक चौकोनी वडीएवढं तुकडं तीन मुलांना अडवतं: पीठ सीलिअ‍ॅकवाल्याला, तूप दुधाच्या अ‍ॅलर्जीवाल्याला आणि गूळ मधुमेहवाल्याला. म्हणून सुखडीच्या दिवशीचा पर्याय वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. केळं हा सर्वांत सोपा पर्याय. मधुमेहाच्या मुलाला तेही मोजूनच.

*तपासा:* तुमच्या मेनूतल्या प्रत्येक पदार्थापुढे गहू, शेंगदाणा, दूध आणि मीठ असे चार रकाने भरून झाले का? हिंगाच्या डब्यावरचा घटकांचा मजकूर कुणी वाचला का?

टप्पा ४: प्रत्येक मुलाच्या पथ्याचं कार्ड स्वयंपाकघराच्या भाषेत लिहा

मराठी शाळेत शिक्षक मराठीत लिहितात आणि रसोइया बहुधा गुजराती वाचतात. इथे अर्थ हमखास घसरतो. "दाणे नकोत" असं सांगितलं की ऐकणारीला "धाणा" (गुजरातीत धने-कोथिंबीर) ऐकू येतं. मग डाळीवरची कोथिंबीर वगळली जाते आणि उसळीत शेंगदाणे जातात. शेंगदाण्याला "सिंग" किंवा "सिंगदाणा"च म्हणा. कणकेला "घउंनो लोट" म्हणा, कारण नुसतं "लोट" म्हणजे कुठलंही पीठ. दलियाला "फाडा", ताकाला "छाश", अळणीला "मोळुं". कार्डावर मराठी आणि गुजराती दोन्ही मजकूर आणि शेजारी चित्र: गव्हाची ओंबी, शेंग, दुधाची पिशवी, मिठाचा डबा.

भिंतीवरच्या कार्डावर आजाराचं नाव लिहू नका. इयत्ता, हजेरी क्रमांक आणि चित्र एवढं पुरतं. आजार, औषध आणि पालकांचा फोन असलेलं दुसरं कार्ड मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आणि वर्गशिक्षकांपाशी.

रसोइया सुटीवर असल्या की बदलीच्या ताई येतात आणि त्यांना काहीच ठाऊक नसतं. म्हणून कार्ड डोळ्यांच्या उंचीवर, फोडणीच्या जागेसमोर लावा. कपाटाच्या आत लावलेलं कार्ड बदलीच्या दिवशी कुणी पाहत नाही.

टप्पा ५: भांडी आणि साठा

एका पथ्यासाठी एवढं सामान पुरतं:

- घट्ट झाकणाचं दीड-दोन लिटरचं स्टीलचं पातेलं
- कुकरमध्ये लावायचा झाकणाचा डबा
- एक पळी आणि एक छोटं कढलं
- एक ताट, एक वाटी
- वेगळी घासणी

रंगीत फीत किंवा स्टिकर आठवड्यात निघून जातो. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तिथे मुलाचं नाव न घालता खूण घालून घ्या, उदाहरणार्थ "ग-बंद". घासणाऱ्या बाईंच्या बोटालाही ती अक्षरं लागतात.

लाकडी पळी, पोळपाट आणि लोखंडी तवा पथ्यासाठी वापरू नका. लाकडाच्या चिरेत आणि तव्याच्या थरात पीठ बसतं, घासून निघत नाही. चाळणी तर कधीच सामाईक नको.

धान्याचा हिशेब सुरुवातीलाच मांडून ठेवा. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. आठवड्यातून तीन दिवस गव्हाचा पदार्थ असेल तर चार आठवड्यांत १२ दिवस होतात. सीलिअ‍ॅकच्या एका लहान मुलासाठी त्या दिवसांचे १ किलो २०० ग्रॅम तांदूळ लागतील, मोठ्यासाठी १ किलो ८०० ग्रॅम. हे तांदूळ निवडून, स्वच्छ बरणीत भरून, खूण करून वेगळे ठेवा आणि साठ्याच्या नोंदवहीत "गव्हाऐवजी तांदूळ" असं लिहा. नोंद नसली की तपासणीच्या दिवशी तांदूळ जास्त खर्च झालेला दिसतो, आणि पुढच्या महिन्यापासून भीतीपोटी पथ्यच बंद पडतं.

तांदळाबद्दल एक अधिकचं. योजनेच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात लोह मिसळलेले फोर्टिफाइड दाणे असू शकतात. ते रंगाला जरा वेगळे दिसतात आणि "प्लास्टिकचे" म्हणून वेचून टाकले जातात. तसं करू नका. थॅलेसेमियाचं मूल असेल तर असा तांदूळ आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी, दोन्हींबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

टप्पा ६: चुलीवरचा क्रम

सगळा मार्गदर्शक एका वाक्यात मागाल तर ते असं: पथ्याचं आधी शिजवा, आधी काढा, आधी झाका.

१. सकाळी पिठाचा डबा उघडायच्या आधी पथ्याचं सामान बाहेर काढा. कणीक मळताना, चाळताना पीठ उडतं आणि उघड्या पातेल्यात बसतं. दिसत नाही, पण बसतं.

२. ओटा ओल्या फडक्याने पुसा, फडकं त्या दिवशी धुतलेलं हवं. हात साबणाने धुवा. हात निर्जंतुक करायच्या जेलने शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाण्याने जातो. उकळल्याने अ‍ॅलर्जीचा पदार्थ निरुपद्रवी होतो हा समज चुकीचा आहे.

३. भात झाकणाच्या डब्यात लावा. शंभर ग्रॅम तांदळाला साधारण एक पेला, म्हणजे २४० मिली पाणी. झाकण असल्यामुळे त्याच कुकरात दुसऱ्या डब्यात बटाटे किंवा डाळ असली तरी चालतं.

४. मोठ्या पातेल्यातली डाळ शिजून घोटून झाली की इथेच थांबा. अजून मीठ नाही, हिंग नाही, ढोकळी नाही. आता पथ्याच्या पळीने प्रत्येक पथ्याच्या मुलाचा वाटा त्याच्या भांड्यात काढा. या एका थांब्यावर निम्मी पथ्यं सुटतात.

५. छोट्या कढल्यात ताज्या तेलाची फोडणी करा: मोहरी, जिरं, हळद, हिंग नाही. ही फोडणी मोठ्या फोडणीच्या आधी. मोठ्या फोडणीतलं उरलेलं तेल वापरायचं नाही, आणि पुरी तळलेलं तेल तर मुळीच नाही.

६. मीठ न चालणाऱ्या मुलाचा वाटा सोडून बाकीच्या वाट्यांत मीठ घाला. झाकणं लावा. मगच मोठ्या पातेल्याकडे वळा.

भाजीचंही तसंच: कांदा-लसूण पडायच्या आधी, किंवा बटाटा वेगळा उकडून, जैन मुलाचा वाटा काढता येतो. मुठिया आणि थेपल्यात मात्र आधी काढण्यासारखं काही नसतं. त्या दिवशी सीलिअ‍ॅकच्या मुलाला डाळ-भात आणि भाजी.

गिळायला त्रास होणाऱ्या मुलाचा भात डाळीत कालवून गुठळी न राहता घोटा. दाटपणा किती हवा हे आईकडून एकदा करून दाखवून घ्या. "मऊ" या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

*सावधान:* गॅस संपला, भाजी आली नाही, म्हणून ऐनवेळी मेनू बदलतो. पथ्य नेमकं त्याच दिवशी चुकतं. मेनू बदलला की चुलीवर काही चढवण्याआधी वर्गशिक्षकांना निरोप गेलाच पाहिजे.

टप्पा ७: वाढणी आणि पंगत

वाढण्याआधी शिक्षकांनी जेवण चाखून नोंद करायची असते. पथ्याच्या भांड्यातलंही चाखा, स्वच्छ चमच्याने. पण चवीने गहू किंवा सिंग ओळखू येत नाही, म्हणून चाखण्याबरोबर रसोइयांना तीन प्रश्न विचारा: हे कधी काढलं? फोडणी वेगळी केली का? पळी कुठली वापरली? उत्तर अडखळत आलं तर ते भांडं बाजूला ठेवा आणि साधा भात द्या.

पथ्याचं ताट सर्वांत आधी वाढा, मोठ्या पातेल्यांत पळ्या फिरायला लागण्याआधी. मूल मात्र पंगतीतच बसेल, आपल्या मित्राशेजारी. वेगळी खोली, वेगळी चटई नको. "गहूवाला", "डायबिटीसवाली" अशा हाका शिक्षकांनी पहिल्या वेळीच थांबवायच्या. दहा वर्षांचं मूल पथ्य मोडतं ते जिभेसाठी कमी आणि वेगळं पडू नये म्हणून जास्त. त्याचं ताट दिसायला बाकीच्यांसारखंच असलं की अदलाबदल आपोआप कमी होते. तरी पंगतीच्या टोकाला एक शिक्षक उभे राहावेत आणि अ‍ॅलर्जीच्या मुलाच्या शेजारच्यांना सांगून ठेवावं की याला आपल्या ताटातलं द्यायचं नाही.

मधुमेहाच्या मुलाचं गणित पदार्थापेक्षा वेळेचं आणि मापाचं आहे. इन्सुलिन घेतल्यावर जेवण उशिरा झालं तर साखर एकदम उतरते. म्हणून तो रांगेत मागे नको, आणि शिक्षा म्हणून त्याचं जेवण कधीही थांबवायचं नाही. रोज तीच वाटी वापरा. भात दोन वाट्या ठरला असेल तर दोनच, कारण इन्सुलिन त्या हिशेबाने दिलेलं असतं. ताटात उरलं तर आईला त्याच दिवशी कळवा.

टप्पा ८: जेवण बाहेरून येत असेल तर

केंद्रीय स्वयंपाकघरातून भरलेले डबे येतात तिथे "आधी काढा" शाळेच्या हातात नसतं. महिन्याचा मेनू आणि प्रत्येक पदार्थातले घटक लेखी मागवा, हिंग आणि तेलासकट. पथ्याच्या मुलांची संख्या आणि प्रकार लेखी कळवा, वेगळा सीलबंद डबा मिळू शकतो का विचारा. उत्तर येईपर्यंत शाळेत कुकरचा एक डबा लावून भात शिजवता येतो, किंवा पालकांच्या संमतीने घरचा डबा. घरचा डबा आणणारं मूल त्याच पंगतीत बसेल.

आता तिथी भोजन. वाढदिवस, पुण्यतिथी, सण अशा निमित्ताने दाते जेवण किंवा गोड देतात. चांगली प्रथा आहे, आणि पथ्यासाठी सर्वांत धोक्याची, कारण पदार्थ कुणाच्या हातून, कशात झाला ते कुणालाच ठाऊक नसतं. दात्यांकडून आठ दिवस आधी पदार्थांची यादी घ्या, शेंगदाणा नको हे सांगा. "कणभर चालत नाही" गटातल्या मुलांनी तिथी भोजनातलं काहीच खायचं नाही. त्यांचं जेवण शाळेच्या चुलीवरचं, गोड म्हणून फळ. राजगिऱ्याची चिक्की निरुपद्रवी वाटते, पण ती बरेचदा शेंगदाण्याच्या चिक्कीच्याच पाटावर थापलेली असते.

टप्पा ९: व्रतांचे दिवस कॅलेंडरवर आधीच मांडा

आषाढ शुद्ध एकादशीला वडोदऱ्यातल्या मराठी शाळेत दोन गोष्टी एकदम येतात. मराठी घरांतून साबुदाण्याची खिचडी येते, भरपूर दाण्याचं कूट घातलेली. आणि त्याच दिवशी गुजराती मुलींचं गौरीव्रत सुरू होतं, पौर्णिमेपर्यंत पाच दिवस अळणी खायचं. म्हणजे शेंगदाणा न चालणाऱ्या मुलासाठी तो सर्वांत जोखमीचा दिवस, आणि अळणी वाट्यांची मागणी त्याच दिवसापासून वाढते. शिक्षकांच्या खोलीतली खिचडी वर्गात वाटायची नाही हे आदल्या दिवशीच ठरवा. व्रताच्या मुलींसाठी मीठ पडण्याआधीचा वाटा काढा. किडनीच्या आजाराच्या मुलासाठी आपण रोज तो काढतोच, त्या दिवसांत पातेलं जरा मोठं घ्यायचं. कुणाच्या घरी धान्याचेही नियम असतात, ते विचारून घ्या.

पर्युषण, श्रावणी सोमवार आणि रमजान यांच्या तारखाही लिहून ठेवा. उपवास किंवा रोजा असलेल्या मुलाला जेवायचा आग्रह नको, पण हजेरीत "जेवला" अशी खूणही नको. भोवळ आली, तोंड कोरडं पडलं तर पालकांना लगेच फोन.

टप्पा १०: चुकून खाल्लं तर

ही पाटी जेवणाच्या जागेजवळच हवी, कार्यालयात नाही.

अ‍ॅलर्जी: गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणं, उलट्या, घोगरा आवाज, खोकला, धाप. श्वासाचा त्रास असेल, आवाज बदलला असेल, किंवा अंगावरच्या गांधींबरोबर उलट्या असतील तर थांबू नका, १०८ लावा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल आणि ते देणं शिकलेलं माणूस हजर असेल तर ते पहिल्यांदा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मुलाला झोपवून पाय वर करा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा. उभं करू नका, चालवत नेऊ नका. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात नेलंच पाहिजे, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

साखर उतरली: घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा पेंग. शुद्धीवर असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या मापाने ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी. मोठ्या मुलाला साधारण तीन चहाचे चमचे साखर लागते, लहानाला कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, मग जेवण. सुखडी किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपामुळे, स्निग्धामुळे साखर हळू चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही, कुशीवर वळवा, १०८.

सीलिअ‍ॅकच्या मुलाने गहू खाल्ला: धावपळीची गरज नसते, पण लपवायचं नाही. पालकांना त्याच दिवशी सांगा, काय आणि किती ते लिहून ठेवा. त्रास दिसला नाही तरी आतड्याला इजा होते, म्हणून "काही झालं नाही ना" म्हणून विषय संपत नाही. कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधा: बहुतेक वेळा पळी, हिंग किंवा बदलीचा दिवस, या तिघांतलंच काहीतरी निघतं.

कार्डं दिवाळीच्या सुटीनंतर एकदा आणि जूनमध्ये एकदा पालकांसमोर तपासा. काही मुलांची दुधाची अ‍ॅलर्जी वयाबरोबर जाते, पण ती गेली हे डॉक्टर ठरवतील, शाळा नाही. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर दाखल्याबरोबर कार्डाची प्रत द्या. आठवीनंतर ही योजना संपते, म्हणून आठवीच्या मुलांना शेवटच्या सत्रात त्यांचं कार्ड स्वतः वाचायला आणि हिंगाच्या डब्यावरचा मजकूर स्वतः तपासायला शिकवा.